रेषेपर्यंत पाणी

३ मार्च

लाडक्या मुंगीला मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. पत्र मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी ठेवलं होतं. रोज खण उघडला की दिसायचं आणि रोज मी म्हणायचो, उद्या लिहू. तू फोन कर म्हणतेस, पण माझा डावा कान गेलाच आहे आणि उजवा त्याच्या मनाला येईल तेवढंच ऐकतो. मागच्या वेळी तू अर्धा तास बोललीस, त्यातलं मला ‘जेवलात का’ एवढंच कळलं. त्यापेक्षा कागद बरा. दोनदा वाचता येतो.

आनंदाची बातमी आधी. सूनबाईला दिवस गेले आहेत. चौथा महिना आहे. लग्नाला सात वर्षं झाली आणि मध्ये दोनदा आशा लागून गेली, हे तुला माहीत आहेच. पोरगा जहाजावर आहे, सप्टेंबरशिवाय त्याला सुट्टी नाही. जाताना म्हणाला, ‘बाबा, हिला सांभाळा.’ तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. ती जिना उतरायला लागली की मी खाली जाऊन उभा राहतो. ती शिंकली की मी उठतो. परवा म्हणाली, ‘बाबा, मी शिंकले तर तुम्ही दचकता. तुम्ही शिंकलात तर मी काय करायचं?’

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या आठवड्यात आरोग्य खात्याची बाई गल्लीत आली. हातात करड्या पुठ्ठ्याचा वीतभर उंचीचा डबा, वरच्या अंगाला भोकं. म्हणाली, ‘असे नऊ डबे तुमच्या गल्लीत लावायचे आहेत. आत अंड्यांचं पाकीट टाकायचं, रेषेपर्यंत पाणी घालायचं, की आठ-दहा दिवसांत डास बाहेर पडतात.’ मी म्हटलं, ‘बाई, आम्हाला डास कमी पडलेत का?’ ती हसली. हे डास वेगळे आहेत, म्हणाली. त्यांच्या बियाण्यात बदल केलेला आहे, ते चावत नाहीत आणि त्यांच्या पोरी जगत नाहीत, त्यामुळे हळूहळू डास कमी होतात. मग कुठे तयार होतात ते सांगितलं, तर तू काम करतेस तीच जागा निघाली! घरचंच माणूस निघाल्यावर भांडायचं कुणाशी?

पण माझी झोप उडाली आहे. आपला न्हावी दाढी करताना म्हणतो, ‘आज डासाच्या बियाण्यात हात घातला, उद्या आपल्या घालतील.’ समोरच्या रिटायर झालेल्या मास्तरीणबाई म्हणतात, कुठेतरी हे केल्यावर डास खूप कमी झाले, छापून आलं आहे. दोघं एकच पेपर वाचतात. मी कुणाचं धरू?

म्हणून तुला विचारतो. चुकून एखादा चावलाच तर त्याच्यातलं ते बदललेलं आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाईल का? तुझी आई पाच दिवसांच्या तापात गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. मी त्याबद्दल कधी बोललो नाही, आजही बोलत नाही. पण या घरात आता एका अंगात दोन जीव आहेत. आमच्या गल्लीपुरते डबे नकोत, असं तुला तुझ्या वरच्यांना सांगता येईल का?

तुझा मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

पत्र वाचून मी कामाच्या जागीच ओरडले. माझ्या वहिनीला माझ्या वतीने घट्ट मिठी मारा. तुम्हाला लाज वाटत असेल तर मास्तरीणबाईंना मारायला सांगा.

आता तुमचे प्रश्न. डब्यातून फक्त नर बाहेर पडतात. मादी अळीला जगायला एक औषध लागतं. ते आमच्याकडे असतं, डब्यात नसतं. त्यामुळे ती पाण्यातच मरते. नर डासाची सोंड माणसाच्या कातडीत घुसत नाही. तो फुलांचा रस पितो. ओळखायचा तर त्याच्या मिशा बघा, पिसासारख्या झुपकेदार असतात. तो बाहेरच्या माद्यांशी जुगतो, आणि त्या माद्यांना होणाऱ्या पोरी मोठ्या होत नाहीत. चावतात त्या पोरीच.

आणि समजा, चुकून एखादी मादी सुटली आणि चावली, तरी तिचं बियाणं आपल्यात येत नाही. मामा, आजवर आपल्याला हजारो डास चावले असतील. कुणाला पंख फुटले का?

पुढच्या वीस वर्षांत काय होईल ते मात्र मी सांगू शकत नाही. कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. म्हणून तर आम्ही मोजत राहतो. आमच्या डासांच्या पोरांमध्ये एक खूण ठेवलेली आहे, खास दिव्याखाली ती लाल उजळतात. तुमच्या गल्लीत खात्याने पाण्याचे काळे पेले ठेवले असतील. त्यात डासांनी घातलेली अंडी दर आठवड्याला माझ्या टेबलावर येतात. मी त्यातून अळ्या काढते आणि किती उजळल्या ते मोजते. तुमच्या वॉर्डाची पाकिटंही मीच भरते.

गल्लीपुरतं नको, असं मला सांगता येणार नाही. पण मी एक केलं आहे. डब्यांची देखरेख तुमच्याकडे द्यावी, असं त्या बाईंना कळवलं. रेषेपर्यंत पाणी म्हणजे रेषेपर्यंतच घालणारा माणूस त्या गल्लीत एकच आहे.

आणि हे महत्त्वाचं. हाडमोड्या तापाचा डास दिवसा चावतो. वहिनी दुपारी आडवी झाली तरी मच्छरदाणीत झोपू दे. घरात शिंप्याची कमतरता नाही.

तुमची मुंगी


२ एप्रिल

लाडक्या मुंगीला आशीर्वाद.

नऊ डबे लागले. चार विजेच्या खांबांना, तीन भिंतींना, एक मास्तरीणबाईंच्या फाटकाला आणि एक आपल्या जिन्याखाली. पाणी मी रेषेपर्यंत घालतो, एक थेंब वर नाही की खाली नाही. खात्याच्या बाईंना म्हटलं, तुम्ही उन्हात कशाला फिरता, पाकिटं माझ्याकडे देत जा. त्या खूश आहेत. म्हणाल्या, ‘सगळ्या गल्ल्यांना तुमच्यासारखे आजोबा मिळायला हवेत.’

सूनबाई बरी आहे. दुपारी मच्छरदाणीत झोपते. आतून म्हणते, ‘बाबा, मी भाजी आहे का झाकून ठेवायला?’

मलाही मध्ये थोडं काम आलं होतं. बारीक जाळीच्या नऊ पिशव्या, नेफा आणि नाडीसकट. डोळ्यांना ताण पडतो, पण हात अजून चालतो.

नर डास फुलांचा रस पितो, असं तू लिहिलं होतंस. फुलं नसतील तर साखरेचं पाणी चालतं का? आणि तो जगतो किती दिवस? सहज विचारतो.

तुझा मामा


१० एप्रिल

मामा,

घाईत चार ओळी. चालतं! आम्हीही साखरेचंच पाणी देतो, कापसाच्या बोळ्याने. बाहेर आठवडाभर जगतो, चांगली बडदास्त ठेवली तर दोन-तीन आठवडे. मोकळे सुटल्यावर ते आपलं पोट भरतात, तुम्ही पाहुणचार करू नका! पण तुम्ही असं काही विचारलंत की मला फार बरं वाटतं. भीती गेली म्हणायची.

मुंगी


२८ मे

प्रिय मामा,

दोन महिने होत आले, तुमचं पत्र नाही. वहिनी बरी आहे ना?

मी बरी नाही, म्हणून लिहिते. तुमच्याशिवाय हे सांगायला मला कुणी नाही.

तुमच्या वॉर्डाच्या बाकी सगळ्या गल्ल्यांत आता शंभरात साठ-सत्तर अळ्या उजळतात. तुमच्या गल्लीत शंभरात दोन. त्याही शेजारच्या गल्लीतून आलेल्या डासांच्या असणार. मी तीनदा मोजलं, दिवा बदलून पाहिला. दोनच.

आमच्या मोठ्या बाईंनी नोंदी तपासल्या. तुमच्या गल्लीची सगळी पाकिटं मी भरलेली. अंडी जास्त सुकवली गेली तर आतल्या आत मरतात. बाईंचं म्हणणं, तेच झालं असणार, आणि एकदा नाही, पाच वेळा. चौकशी संपेपर्यंत मला पाकिटं भरायची नाहीत. मी ट्रे धुते. वीस जूनला निर्णय आहे. अकरा वर्षं झाली मला इथे, मामा. कशासाठी आले ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ट्रे धुताना आईची आठवण येते.

डबे नीट भरले जात नसतील, असं एक सहकारी म्हणाला. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. म्हटलं, ‘माझ्या मामाने मापात कधी दोऱ्याएवढीही चूक केलेली नाही.’ मोठ्या बाईंनाही मी तसंच लेखी दिलं आहे. दोष माझ्याच हातात असणार.

दोन शब्द लिहा. काहीही लिहा.

मुंगी


९ जून

मुंगी,

आज आशीर्वाद शेवटी लिहितो. आधी वाच, मग ते घ्यायचे की नाही ठरव.

तुझ्या हातात दोष नाही. तुझी अंडी जिवंत होती. प्रत्येक पाकिटातून डास निघाले, ढिगाने निघाले, आणि सगळे माझ्या पिशव्यांत राहिले.

त्या नऊ पिशव्या गिऱ्हाइकाच्या नव्हत्या. डब्याच्या करड्या रंगाची जाळी शोधून आणली. एका डब्याचं माप घेतलं, पाणी घालता यावं म्हणून वर नाडी ठेवली आणि नऊच्या नऊ डब्यांना अंगरखे चढवले. लोकांना वाटलं, खात्यानेच घातले. पाकिटं घ्यायला आणि काळे पेले द्यायला मीच कोपऱ्यावर जायचो, म्हणून खात्याच्या बाई गल्लीत शिरल्याच नाहीत. न्हावी तर म्हणाला, ‘आता डासांनाही सरकारी कपडे!’ पाणी मी रेषेपर्यंतच घालत होतो. तुला एक शब्द खोटा लिहिला नाही. एवढीच माझी अक्कल.

तुझं मार्चचं पत्र मी चार वेळा वाचलं. समजलंही. पण समजणं डोक्यात राहिलं आणि भीती पोटात. सूनबाई समोरून जाताना दिसली की डोक्यातलं सगळं पुसलं जायचं.

पहिले डास निघाले आणि जाळीला आतून चिकटून बसले. मी म्हटलं, आता चावा बघू कुणाला. चार दिवसांनी ते खाली पडायला लागले. मला बघवेना. शेवटी जीवच तो. म्हणून तुला साखरेचं विचारलं. रोज सकाळी नऊ बोळे भिजवायचे आणि नऊ पिशव्यांत ठेवायचे, हा माझा उद्योग झाला. भिंगातून मिशाही बघितल्या, तू म्हणालीस तशाच झुपकेदार.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी जिन्याखालच्या पिशवीची नाडी सोडली आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. उजव्यावर माझं पोट चालतं, पण डाव्याच्या बोटांना आताशा नीट कळत नाही, म्हणून उजवाच. मास्तरीणबाई फाटकातून विचारतात, ‘काय शोधताय?’ म्हटलं, ‘सुई पडली.’ ‘डब्यात?’ ‘सुई कुठेही पडते हो.’ अर्धा तास बसलो. ते हातावर बसले, चालले, मिशा हलवल्या. एकही चावला नाही.

तेव्हाच पिशव्या काढायला हव्या होत्या. पण काढल्या तर कुणी विचारणार, इतके दिवस का होत्या? भित्रा ठरलो असतो तर चाललं असतं, आता लबाड ठरणार होतो. म्हटलं, बाळ होऊ दे, मग गुपचूप काढू. आणि तिकडे तू माझ्या मापाची शपथ घेत होतीस.

तुला एक गोष्ट पस्तीस वर्षं सांगितली नाही. तुझ्या आईच्या मच्छरदाणीला वीतभर फाट होती. ती दोनदा म्हणाली, ‘दादा, एक टीप मार ना.’ तेव्हा गिऱ्हाइकांच्या चाळीस मच्छरदाण्या कापून पडल्या होत्या. म्हटलं, रविवारी मारतो. रविवारी ती तापाने फणफणत होती. गावभर जाळी शिवणारा शिंपी, आणि घरात भोक. या वेळी भोक राहू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. म्हणून जाळी शिवली, ती नेमकी उलट्या बाजूला.

तुझं पत्र चार तारखेला आलं. त्याच दुपारी खुर्ची घेऊन गल्लीत गेलो आणि सगळ्यांसमोर नऊ पिशव्या काढल्या. उरलेले डास उडाले. न्हावी ओरडला, ‘म्हातारबा, हे काय केलंत?’ म्हटलं, ‘आज नाही, दोन महिन्यांपूर्वी केलं.’ खात्याच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

सोबत एक पिशवी पाठवतो. तुझ्या मोठ्या बाईंना दाखव. नेफ्याची टीप दुहेरी आहे आणि शेवटचा टाका उलटा घेतला आहे. माझी ती सवय कोणताही शिंपी ओळखेल. तुझ्यावर आलेलं बालंट काढून माझ्यावर घालायला सांग.

आता शेवटचं. सूनबाईला परवापासून ताप आहे. अंग ठणकतं, डोळ्यांमागे दुखतं म्हणते. दवाखान्यात ठेवलं आहे. रक्त तपासायला दिलं आहे. मी तिच्या खाटेशेजारी बसून हे लिहितो. ती मधूनच डोळे उघडते आणि मलाच विचारते, ‘बाबा, तुम्ही जेवलात का?’

मुंगी, तू मोजणारी आहेस. मोजून खरं सांग. हे माझ्यामुळे झालं का?

आशीर्वाद आहेतच. घे.

तुझा मामा


१६ जून

मामा,

आशीर्वाद घेतले. आधी ते.

वहिनीचं मला तुमच्या पत्राआधीच दवाखान्यातल्या नर्सकडून कळलं होतं. वहिनीनेच तिला फोन करायला सांगितलं, ‘बाबा घाबरलेत, त्यांच्याकडे बघायला कुणाला तरी पाठवा.’ ताप तिला, काळजी तुमची. मला इथून सुटता येत नाही, पण रोज सकाळी मी नर्सशी बोलते. रक्तात हाडमोड्या तापच निघाला, पण आज ताप उतरला आहे. ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त जपायचे असतात, म्हणून घरी सोडा असा धोशा डॉक्टरांच्या मागे लावू नका.

पत्र वाचताना मला तुमचा राग आला. खूप आला. दोन आठवडे मी ट्रे धुतले आणि स्वतःच्या बोटांकडे चोरासारखी बघत राहिले. मग साखरेच्या बोळ्यांपाशी आले आणि तो राग कुठे गेला कळलं नाही. अहो, कैद्यांना खाऊ घालणारा असा जेलर मी बघितला नाही.

पिशवी मोठ्या बाईंना दिली. त्यांनी ती खिडकीपाशी धरली, आतून बाहेरून बघितली, भिंगाने टाके मोजले. म्हणाल्या, ‘आमच्या पिंजऱ्यांची जाळी इतकी चांगली कुणी शिवून देत नाही.’ मग ती घडी घालून टेबलावर ठेवली. शेवटी म्हणाल्या, ‘आपण लोकांना सांगत फिरतो. भीती कशाची वाटते, ते कुणी बसून विचारत नाही.’ मामा, हे बोलणं मला लागलं. तुम्ही मार्चमध्ये मला घाबरून विचारलं होतंत, आणि मी तुम्हाला धडा शिकवला. वीस तारखेआधीच चौकशी मिटली, मी पुन्हा पाकिटं भरायला बसले आहे.

आता तुमचा प्रश्न. मोजून सांगा म्हणालात. मोजून सांगते, की हे मोजता येत नाही. तुमच्या शेजारच्या दोन गल्ल्यांत डबे उघडे होते, तिथेही या महिन्यात तापाचे सात रुग्ण आहेत. डास कमी व्हायला एखादा मोसम जावा लागतो, दोन महिने पुरत नाहीत. वहिनीला कोणत्या डासाने चावलं, आणि तो तुमच्या पिशव्यांमुळे जन्माला आला का, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. तुमचा काहीच दोष नाही असं मी म्हणणार नाही, कारण तुम्हाला ते खरं वाटणार नाही. पण हा ताप तुमच्या खात्यावर लिहायला माझ्याकडे एकही आकडा नाही.

दुसऱ्या गोष्टीचं मात्र मी सांगू शकते. त्या तापाचा डास दिवसा चावतो, मामा. सकाळी आणि सूर्य कलताना. आई तेव्हा मच्छरदाणीत कुठे असायची? ती शाळेत शिपाई होती. सकाळी सातला जायची आणि दिवसभर पाण्याच्या पिंपांपाशी असायची. त्या पिंपांतल्या अळ्या मी स्वतः बघितल्यात, काडीने ढवळायचे मी त्यांना. फाटकी मच्छरदाणी शिवलेली असती तरी आई सकाळी सातला कामावर गेलीच असती.

आणि तुम्ही विसरलात, पण मी विसरले नाही. त्या रविवारी आई मच्छरदाणीत झोपली होती. तिला उठवायला नको म्हणून तुम्ही बाहेर जमिनीवर बसून हाताने ती फाट शिवलीत. मी दिवा धरला होता. तुम्ही शेवटचा टाका उलटा घेतलात आणि दोरा दाताने तोडलात. मला आईचं दुसरं फारसं आठवत नाही. ते आठवतं.

वहिनीजवळ बसा. जेवा.

मुंगी


२२ ऑगस्ट

लाडक्या मुंगीला मामाचे, सूनबाईचे आणि आणखी एका माणसाचे आशीर्वाद. ती वयाने आशीर्वाद द्यायच्या लायकीची नाही, पण तिची मूठ वळलेली आहे, त्यावरून देणार असं वाटतं.

मुलगी झाली. चौदा तारखेला, सकाळी अकराला. वजन थोडं कमी आहे, पण रडते अशी की माझ्या डाव्या कानालाही ऐकू आलं. तापाचा बाळावर काही परिणाम दिसत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोनदा दाखवायला सांगितलं आहे. मी म्हटलं, चारदा आणतो. त्या म्हणाल्या, दोनदाच आणा.

तुझं जूनचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. पण रोज वाचतो. उलट्या टाक्याचं मला खरंच आठवत नव्हतं. पिंपांचंही कधी डोक्यात आलं नव्हतं. पस्तीस वर्षं मी एकाच वीतभर फाटीकडे बघत बसलो होतो. आता कधी कधी तुझी आई शाळेच्या फाटकातून बाहेर येताना दिसते, हातात जेवणाचा डबा हलवत. बऱ्याच वर्षांनी ती मला उभी दिसली.

इकडे माझं नाव बदललं आहे. न्हाव्याने ‘डासांचा मामा’ असं ठेवलं आणि गल्लीने उचलून धरलं. खात्याच्या बाई आता बोलतात. तुझ्या मोठ्या बाईंनी पाठवलेला नर डासांचा जाळीचा डबा त्यांनी चौकात टेबलावर मांडला आणि म्हणाल्या, ज्याला शंका असेल त्याने हात घालावा. कुणी पुढे होईना. मी न्हाव्याकडे बघितलं. म्हटलं, ‘एरवी तर सगळ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतोस.’ त्याने डावा हात घातला, उजवा धंद्याचा म्हणून. डोळे मिटून उभा होता. पाच मिनिटांनी म्हणाला, ‘गुदगुल्या होतात.’ मग मास्तरीणबाईंनी घातला, मग रांग लागली. तरी तिघांनी नाही घातला. आम्हाला पटत नाही, म्हणाले. मी त्यांना काही बोललो नाही. माझ्याकडेही नऊ पिशव्या होत्या.

त्या नवांतली एक तुझ्याकडे आहे. उरलेल्या आठ मी उसवल्या, गरम पाण्यात दोनदा धुतल्या आणि जोडून पाळण्याची मच्छरदाणी शिवली. सूनबाई म्हणाली, ‘बाबा, करडी? बाळाला करडी?’ म्हटलं, जाळी चांगली आहे, वाया कशाला घालवायची? तिने कडेला पिवळी किनार लावायला लावली. आता बरी दिसते. बाळ आतून छताकडे बघत असतं आणि मी बाहेरून भोक शोधत असतो. अजून सापडलं नाही.

बाळ एवढंसं आहे म्हणून सूनबाई म्हणते, हिला मुंगी म्हणू या. मी म्हटलं, ते नाव रिकामं नाही, दुसरं शोध. पोरगा सप्टेंबरच्या दहा तारखेला येतो आहे. तूही ये. ट्रे काय, पाकिटं काय, चार दिवस दुसरं कुणीतरी बघेल.

नऊ डबे उघडे आहेत. पाणी रेषेपर्यंत घालतो. चार जूनला डास सुटले, त्याला आता अकरा आठवडे होऊन गेले. आपल्या गल्लीतले काळे पेले दर सोमवारी तुझ्याकडे जातात, ते मी स्वतः बाईंच्या पिशवीत ठेवतो. मी रोज मनात धरतो, दोनाचे दहा झाले असतील, दहाचे वीस. पण मनातल्या मापावर मी कापड कापत नाही. तू दिव्याखाली बघ आणि आपल्या गल्लीतल्या शंभरात किती उजळल्या ते लिही. कमी असल्या तरी लिही. न्हावी रोज विचारतो आणि बाळाच्या पाळण्यापाशी बसून मला तो आकडा तिला मोठ्याने वाचून दाखवायचा आहे. उशीर करू नकोस, मुंगी. उशीर करायची सवय माझी आहे, तू लवकर कळव.

तुझा मामा